अँटी-स्टॅटिक मॅट आणि मनगटी पट्टा : अमळनेरच्या कोरड्या हवेत दोन उन्हाळे वापरून

पट्टा ३४० रुपये, मॅट १,४५०, मॅट अर्थिंगला जोडायची वायर १८० आणि चंदेरी पिशव्यांचं दहाचं पाकीट २२०. अंगावर साठलेली स्थिर वीज कॉम्प्युटरच्या भागांना लागू नये म्हणून नोव्हेंबर २०२३ मध्ये जळगावच्या गोलाणी मार्केटमधून हा संच घेतला तेव्हा बिल झालं २,१९० रुपये. दुकानदाराने दोनदा विचारलं, "ताई, मॅट नक्की हीच पाहिजे ना? लोक फक्त पट्टा नेतात." नक्की हीच पाहिजे होती. दोन हिवाळे, दोन उन्हाळे वापरून झाल्यावर सांगते, की या संचातल्या तीन वस्तू चांगल्या आहेत, एक ठीक आहे, आणि सगळ्यात महत्त्वाची वस्तू त्या पाकिटात नसतेच. ती तुमच्या घराच्या भिंतीत असते, किंवा नसते.

माझं काम कॉम्प्युटर-लॅपटॉप दुरुस्तीचं. अमळनेरला घराच्या पुढच्या खोलीत टेबल टाकलंय. आठवड्यातून दोन-तीन दिवस स्कूटीवर पारोळा, धरणगाव, चोपडा. शाळांच्या लॅब, पतसंस्था, जिनिंगची ऑफिसं. आयटीआय करून या कामात पडले त्याला तेरा वर्षं झाली, आणि त्यातली पहिली बरीच वर्षं मीसुद्धा रॅमची पट्टी कपड्याच्या पिशवीतून काढून तशीच स्लॉटमध्ये बसवत होते. काही होत नव्हतं. निदान डोळ्यांना दिसेल असं काही होत नव्हतं.

मग जानेवारी २०२३ मध्ये एका शाळेच्या लॅबमध्ये दहा मशीनची रॅम वाढवायची होती. सकाळची वेळ, कडाक्याची थंडी. अंगात लोकरीचा स्वेटर, खाली पॉलिस्टरची साडी, आणि लॅबमध्ये पाहुणे येणार म्हणून नायलॉनचं नवं कार्पेट घातलेलं. प्रत्येक मशीनपाशी चालत जायचं, पिशवीतून पट्टी काढायची, बसवायची. चौथ्या की पाचव्या मशीनला कॅबिनेटला बोट लावताना 'टिच्' असा आवाज झाला आणि बोटाला टोचलं. स्वेटर आहे, थंडी आहे, होतंच असं म्हणून पुढं गेले. दहाही मशीन चालू झाली. चहा झाला, पैसे मिळाले.

फेब्रुवारीत एक मशीन निळी स्क्रीन दाखवून बंद पडू लागलं. मार्चमध्ये दुसरं. परीक्षेच्या तोंडावर तिसरं. मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासायचा प्रोग्राम, रात्रभर लावून ठेवला तर तिन्ही पट्ट्यांमध्ये चुकांच्या लाल ओळी, आणि प्रत्येक पट्टीत दर वेळी मेमरीच्या त्याच-त्याच पत्त्यावर. वॉरंटीत बदलून मिळाल्या, माझं आर्थिक नुकसान झालं नाही. पण मुलांची प्रात्यक्षिकं एका मशीनवर तिघं-तिघं बसून झाली. त्या पट्ट्या माझ्याच हातून मेल्या का, हे सिद्ध करता येत नाही. या दुखण्याची तीच मोठी अडचण आहे. स्थिर विजेने एखादा भाग जागेवर मेला तर निदान कळतं. बऱ्याचदा तो फक्त जखमी होतो, आठवडे-महिने चालतो, आणि मग उन्हाळ्यात मशीन तापलं की मान टाकतो. तोवर आपण कंपनीला, व्होल्टेजला, व्हायरसला, सगळ्यांना दोष देऊन मोकळे झालेलो असतो.

बोटाला टिच् जाणवतं तेव्हा अंगावर साधारण ३,००० व्होल्ट तरी साठलेले असतात. त्याखालचं माणसाला कळतच नाही. आणि चिपला मारायला १०० व्होल्टही पुरतात. कारखान्यात असे भाग कसे हाताळायचे याचं जे जगभर वापरलं जाणारं अमेरिकन मानक आहे, एएनएसआय-ईएसडी एस २०.२०, ते १०० व्होल्टपर्यंत नाजूक असलेले भाग गृहीत धरूनच लिहिलंय. म्हणजे 'मला कुठे झटका बसला?' या प्रश्नाला काही अर्थ नाही. आपल्याला जाणवायच्या कितीतरी आधी काम झालेलं असतं. चिपच्या आतल्या ट्रान्झिस्टरमध्ये काचेसारखा एक पातळ थर असतो, काही नॅनोमीटर जाडीचा. तेवढ्याशा जाडीला भोक पडायला किती लागणार!

आता आपल्या भागाचा विचार करा. कोरड्या हवेत, म्हणजे १० ते २५ टक्के आर्द्रतेत, कार्पेटवरून चालताना अंगावर ३५,००० व्होल्टपर्यंत साठू शकतात. हवा दमट असेल, ६५ ते ९० टक्के, तर तेच १,५०० वर येतं. साधी पॉलिथिनची पिशवी टेबलावरून उचलली तरी कोरड्या हवेत २०,००० आणि दमट हवेत १,२००. हे आकडे या विषयाच्या पुस्तकांतून वर्षानुवर्षं छापले जातात. ते मुंबईतला माणूस वाचतो आणि आपण वाचतो यात फरक आहे. मी २५० रुपयांचा आर्द्रतामापक भिंतीला टांगलाय. एप्रिलच्या दुपारी तीन वाजता तो १४ दाखवतो. ऑगस्टमध्ये ८०. पावसाळ्यात कोकणातल्यासारखं बेफिकीर राहता येईल कदाचित, पण दिवाळीपासून मृगापर्यंत खानदेशात बेफिकीर राहून चालत नाही.

आता एकेक वस्तू.

मनगटी पट्टा. निळ्या लवचिक कापडाचा, आतल्या बाजूने बारीक धातूचे धागे विणलेले, मध्ये स्टीलची चकती, तिच्यावर टिचबटण. बटणाला स्प्रिंगसारखी गुंडाळलेली वायर, दुसऱ्या टोकाला क्रोकोडाइल क्लिप. घेतल्या घेतल्या दुकानातच मल्टिमीटर लावून पाहा : चकतीपासून क्लिपपर्यंत साधारण १ मेगाओहम दिसलं पाहिजे. माझा ०.९९ दाखवत होता. शून्य दिसलं तर तो पट्टा घेऊ नका, कारण त्यात रेझिस्टर (करंट अडवणारा भाग) नाही. तो रेझिस्टर आपल्यासाठी असतो. चुकून कुठे २३० व्होल्टला हात लागला तर १ मेगाओहममधून जाणारा करंट जेमतेम ०.२३ मिलिअँपिअर, माणसाला जाणवणारही नाही इतका. रेझिस्टर नसलेला पट्टा म्हणजे स्वतःला वायरने जमिनीला बांधून विजेच्या कामाला बसणं.

याआधी मी ऑनलाइन एक बिनवायरीचा पट्टा मागवला होता. दिसायला सुटसुटीत, वायरची अडचण नाही. त्याचा काडीचा उपयोग नाही. साठलेली वीज कुठेतरी गेली पाहिजे, आणि वायरच नसेल तर ती जाणार कुठे? ज्यांनी तो घेतलाय त्यांना कळकळीने सांगते, बाजूला ठेवा. तो नुसता निरुपयोगी असता तर एक वेळ ठीक. हातात पट्टा आहे म्हणून आपण निर्धास्त होतो, ते जास्त घातक.

पट्ट्याचा दुसरा मुद्दा खास आपल्याकडचा. उन्हाळ्यात मनगटाची कातडी इतकी कोरडी पडते की पट्टा घट्ट असूनही त्वचेशी नीट संपर्क होत नाही. मी रोज सकाळी पट्टा घालून मल्टिमीटरचा एक प्रोब चिमटीत घट्ट धरते, दुसरा क्लिपला लावते. मानकाप्रमाणे माणूस, पट्टा आणि वायर मिळून ३५ मेगाओहमच्या आत पाहिजे. पावसाळ्यात माझं दीड-दोन येतं. एप्रिलमध्ये एका सकाळी मीटर १२ दाखवत होता, आणि मागच्या मे महिन्यात एकदा २० मेगाओहमची रेंज ओलांडून आकडाच येईना. तेव्हा मनगटावरून ओला हात फिरवते, टिपून घेते, पट्टा परत घालते, की आकडा तीनच्या आत. मलम किंवा क्रीम लावत नाही, ते बोटांवरून बोर्डावर जातं. आणि बांगड्या. पट्टा काचेच्या बांगड्यांवरून घातला तर त्वचेला टेकत नाही आणि धातूची बांगडी बोर्डाला लागायची भीती. कामाला बसताना त्या हातातल्या बांगड्या काढून ठेवते, मंगळसूत्र आत खोचते. पहिल्या दिवशी सासूबाईंनी विचारलं, "हातले हाई काय बांधं वं?" समजावून सांगितलं. आता पट्टा दिसला नाही तर त्याच आठवण करतात.

तक्रार एकच : आठ-नऊ महिन्यांत घामाने इलॅस्टिक सैल पडलं आणि टिचबटण खेळू लागलं. मध्येच संपर्क तुटतो आणि कळत नाही. म्हणून रोजची तपासणी. दुसरा पट्टा घेतला, तो अजून चांगला आहे.

आता मुख्य गोष्ट, अर्थिंग.

मॅटची वायर आणि पट्टा दोन्ही शेवटी भिंतीतल्या थ्री-पिन सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकाला जोडायचे, तीच अर्थिंगची पिन. मी तेच केलं. नोव्हेंबर ते जानेवारी, तीन महिने मी समाधानाने पट्टा घालून काम करत होते. फक्त एक गोष्ट खटकायची. टेबलावर दुसरं एखादं मशीन चालू असलं की त्याच्या कॅबिनेटला हात लागल्यावर झिणझिण्या यायच्या. आपल्याकडे ही गोष्ट इतकी नेहमीची आहे की कुणी मनावर घेत नाही. 'चप्पल घाल' म्हणतात आणि विषय संपतो. शेवटी वायरमनभाऊंना बोलावलं. त्यांनी मल्टिमीटर लावला. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३४ व्होल्ट. फेज आणि अर्थिंगमध्ये मात्र आकडा ९० वरून ६० वर, परत ८० वर, स्थिरच होईना. होल्डरच्या दोन वायरी फेजला आणि अर्थिंगला लावल्या, तर बल्ब पेटलाच नाही. बोर्ड उघडला. हिरवी वायर मागे दुमडून, चिकटपट्टी गुंडाळून ठेवलेली. "ताई, हाई पिन नुसती शोभानी शे," ते म्हणाले.

हे ऐकून मी खरोखर हादरले, कारण नुसता पट्टा निकामी होता एवढंच झालं नव्हतं. प्रत्येक एसएमपीएसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये, दोन लहान कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून कॅबिनेटला जोडलेले असतात, विजेतला गोंगाट गाळायला. अर्थिंग असेल तर त्यांतून झिरपणारा बारीकसा करंट जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर कॅबिनेटवर निम्मं व्होल्टेज, ११० ते १२० च्या आसपास, तरंगत राहतं. त्याच झिणझिण्या. टेबलावरचं चालू मशीन आणि माझा पट्टा एकाच बोर्डाच्या अर्थिंगच्या पट्टीला होते. म्हणजे जमिनीला जोडते आहे असं समजून मी स्वतःला आणि मॅटला त्या तरंगत्या व्होल्टेजला जोडून घेत होते. आणि १०० व्होल्टच्या मर्यादेबद्दल वर सांगितलंच. पट्ट्यात रेझिस्टर होता म्हणून मला काही झालं नाही. त्या तीन महिन्यांत माझ्या हाताखालून गेलेल्या बोर्डांबद्दल मी तसं म्हणू शकत नाही.

परसात खड्डा खणला. अडीच मीटरचा जीआय पाइप, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर पाणी घालायला फनेल आणि झाकण. तिथून जाड वायर घरात मुख्य बोर्डापर्यंत, आणि प्रत्येक सॉकेटची हिरवी वायर तिला. सोबत आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवला. सगळे मिळून साडेसात हजार गेले, म्हणजे संचाच्या तिपटीहून जास्त. त्यानंतर फेज-अर्थिंग २३१, न्यूट्रल-अर्थिंग दीड व्होल्ट. कॅबिनेटच्या झिणझिण्या त्याच संध्याकाळी गेल्या.

वायरमनभाऊंनी अर्थ टेस्टरने मोजलं तेव्हा साडेतीन ओहम होतं. त्याच वर्षी मे महिन्यात परत मोजलं, नऊ. आपली काळी माती उन्हाळ्यात हात-हात भेगाळते, ओल खाली जाते, पाइपाभोवती पोकळी राहते. आता आखाजीपासून (अक्षय्य तृतीयेपासून) पाऊस पडेपर्यंत दर दोन दिवसांनी खड्ड्यात बादलीभर पाणी टाकते. एक बारकावा इथे सांगायला हवा : नुसत्या स्थिर विजेपुरतं पाहिलं तर साडेतीन काय, नऊ काय, हजार ओहम असले तरी फरक पडत नाही, पट्ट्यातच दहा लाख ओहम बसलेत. जोडणी तुटलेली नसणं महत्त्वाचं. पाण्याची बादली माणसासाठी आहे, मशीनमध्ये फेज उतरला तर जीव वाचावा म्हणून. पण एकदा खड्डा केलाच आहे तर दोन्ही कामं त्याच्याकडून घ्यावीत.

या अर्थिंगवरचं पहिलं घाईचं काम लक्षात आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला ९७वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन होतं. गावभर पाहुणे, फलक, पत्रिका. आदल्या आठवड्यात एका डीटीपीवाल्या भाऊंचं मशीन रात्री अकराला आलं, डिस्प्ले नाही. ते टेबलाशेजारी उभे राहून बघत होते आणि मी आधी पट्टा घातला, मॅटला जोडला, मीटरवर तपासला. त्यांचा जीव वरखाली. "ताई, हे मोठ्या कंपन्यांत करतात, आपल्या गावात कशाला?" मी म्हटलं, भाऊ, याच गावात १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून विप्रो सुरू झाली आणि पुढे कॉम्प्युटर बनवू लागली, मग आपल्या गावात का नको? रॅमचा स्लॉट धुळीने भरला होता. साफ केला, मशीन चालू झालं. आजही चालू आहे.

मॅट. हिरवी, दोन फूट बाय तीन फूट, वरचा थर हिरवा आणि खालचा काळा. वरचा थर साठलेली वीज हळूहळू पसरवतो, खालचा काळा थर ती वाहून नेतो. पत्र्यावर किंवा स्टीलच्या टेबलावर बोर्ड ठेवला तर वीज एका झटक्यात जाते आणि तो झटकाच चिपला लागतो. मॅट ती सावकाश जिरवते. पहिला आठवडाभर रबराचा उग्र वास येत होता, खिडकी उघडी ठेवून गेला. कडा उन्हाळ्यात जरा वळतात, वर जाड पुस्तकं ठेवून सरळ होतात. सोल्डरिंग गन निसटून एकदा डाग पडला, पण वितळली नाही. पीव्हीसीची स्वस्त मॅट असती तर तिला भोक पडलं असतं, म्हणून रबराचीच घ्या. साध्या मल्टिमीटरने मॅट मोजू नका, तो 'ओएल' (रेंजबाहेर) दाखवेल आणि तुम्ही ती खराब समजून परत द्यायला जाल. मॅटचा रेझिस्टन्स दहा लाखांपासून शंभर कोटी ओहमपर्यंत असायचाच असतो, आणि तो मोजायचं यंत्र वेगळं असतं.

एक चूक माझ्याकडून झाली. मॅट चकचकीत दिसावी म्हणून गाडीच्या डॅशबोर्डचं पॉलिश लावलं होतं. त्यातल्या सिलिकॉनचा थर बसला की मॅट वरून नुसतं प्लास्टिक होते. सौम्य साबणाच्या पाण्याने तीन-चारदा धुऊन, वाळवून परत वापरात आणली. आता ओल्या सुती फडक्यापलीकडे काही लावत नाही.

पिशव्या. बोर्डाबरोबर येतात त्या करड्या-चंदेरी, अर्धपारदर्शक. त्यांच्यात धातूचा पातळ थर असतो आणि बाहेरची वीज आत पोचत नाही. गुलाबी पिशवी वेगळी. ती स्वतः घर्षणाने भारित होत नाही एवढंच, बाहेरचा झटका ती अडवत नाही. दोन्हींना लोक 'अँटी-स्टॅटिक पिशवी' म्हणतात आणि दुकानदारही गुलाबीच पुढे करतात. ग्राफिक्स कार्ड, एसएसडी, रॅम न्यायची तर चंदेरी मागा. चुरगळली, भोक पडलं तर टाकून द्या. आणि चालू बोर्ड कधी पिशवीच्या वर ठेवू नका, आत ठेवण्यासाठी आहे ती. दहाचं पाकीट माझं चार महिन्यांत संपतं, कारण मी गिऱ्हाइकाला भाग परत देताना पिशवीतच देते आणि पैसे लावत नाही. चोपड्याहून एक दादा मुलाचं ग्राफिक्स कार्ड थर्माकोलच्या तुकड्यांत खोचून, वर साडीच्या दुकानाची पिशवी गुंडाळून घेऊन आले होते. किती जपून आणलं होतं त्यांनी! कुणी सांगितलंच नव्हतं की थर्माकोलइतका वाईट सोबती दुसरा नाही. त्या दिवसापासून पिशव्या फुकट.

या संचाने काही सवयी आपोआप जात नाहीत, त्या मुद्दाम सोडाव्या लागतात. आपल्याकडे डिस्प्ले आला नाही की रॅम काढून पेन्सिलचं रबर घासायचं, हे सगळ्यांना पाठ. मीसुद्धा शेकडो पट्ट्या घासल्या. घासण्यातच वीज तयार होते, शिवाय रबराची भुकटी स्लॉटमध्ये जाते आणि सोन्याचा मुलामा झिजतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड पुरेसं असतं. दुसरं, धूळ. जिनिंगच्या ऑफिसमधलं मशीन उघडलं की आत कपाशीच्या तंतूंची गादीच असते, प्रोसेसरचा पंखा दिसत नाही. तिथे नायलॉनचा पेंटचा ब्रश फिरवायचा मोह होतो. नायलॉन नको. काळ्या केसांचा ईएसडी (स्थिर वीज साठू न देणारा) ब्रश ९० रुपयांना मिळतो. घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरची प्लास्टिकची नळी बोर्डाजवळ नेऊ नये. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, फिरू दिलं तर तो पंखा जनित्रासारखा उलटं व्होल्टेज बोर्डाला देतो. आणि उन्हाळ्यात कूलर चालू ठेवा. एसीने हवा आणखी कोरडी होते, कूलरने खोलीची आर्द्रता माझ्या मापकावर १४ वरून ४५-५० वर जाते. फक्त झोत टेबलावर नको, तुषार येतात.

पट्टा कधी काढायचा हेही तितकंच गरजेचं. एसएमपीएस उघडून काम करायचं असेल, यूपीएस असेल, जुना काचेचा मॉनिटर असेल, तर आधी पट्टा काढा. एसएमपीएसच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्ट, कधी त्याहूनही जास्त डीसी साठलेलं असतं, आणि प्लग काढल्यावरही काही वेळ टिकतं. तिथे स्वतःला जमिनीला जोडून बसायचं नसतं.

गावोगावी जाते तिथे मॅट नेत नाही, आणि बहुतेक ठिकाणी अर्थिंगचा भरवसाही नसतो. तिथे पट्टाच कामाला येतो, वेगळ्या पद्धतीने. मशीनची केबल पूर्ण काढते. लॅपटॉप असेल तर आधी बॅटरी. पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरते. मग क्लिप कॅबिनेटच्या रंग नसलेल्या लोखंडाला लावते, रंगावर लावली तर उपयोग नाही, रंग वीज अडवतो. नवीन भागाची चंदेरी पिशवी आधी त्याच लोखंडाला टेकवते आणि मगच उघडते. जमिनीला जोडलेलं नसलं तरी मी, कॅबिनेट आणि तो भाग एकाच पातळीवर येतो. तिघांत फरकच उरला नाही तर झटका येणार कुठून? पट्टासुद्धा जवळ नसेल त्या दिवशी निदान डावं मनगट सतत कॅबिनेटच्या लोखंडाला टेकवून ठेवा आणि रॅम कडांनी धरा. आणि सुती कपडे. कामाच्या दिवशी मी आता सुती कुर्ताच घालते, थंडीत त्यावर जाड सुती जाकीट.

दोन वर्षं होत आली, त्या शाळेतल्यासारखं प्रकरण परत झालेलं नाही. महिना-दोन महिन्यांनी तोच भाग घेऊन परत येणारे लोक माझ्या वहीत आधी वर्षाला सात-आठ असायचे, आता दोन आहेत. त्यात अर्थिंगचा वाटा किती, पट्ट्याचा किती, सुती कुर्त्याचा किती, हे वेगळं काढता येणार नाही.

तेव्हा घरी कधीतरी एकदा रॅम बदलणार असाल तर ३४० रुपयांचा पट्टाच घ्या, मॅटची गरज नाही. रोजचं काम असेल तर सगळा संच घ्या, पण त्याच्या आधी वायरमनला बोलावून वरच्या मोठ्या पिनेचं खरं-खोटं करून घ्या. ते पाचशे रुपयांचं काम आहे. पिशव्यांचं पाकीट दहाऐवजी पन्नासचं घेतलं तर स्वस्त पडतं.

मॅटबद्दल एक अडचण राहिली. तिला पट्टा जोडायचं टिचबटण फक्त उजव्या कोपऱ्यात आहे. कॉलेज सुटल्यावर माझी भाची काम शिकायला येते आणि ती डावखुरी आहे, वायर तिच्या समोरून बोर्डावरून आडवी जाते. दोन्ही कोपऱ्यांत बटणं असलेली मॅट येते, किंवा बटण नंतर ठोकून बसवता येतं, असं ऐकलंय. सोमवारी जळगावला जाणार आहे, तेव्हा तिचा पट्टाही घ्यायचाय.